हरकती घेऊन या

माझ्या खांद्यावरची पिशवी पाहून दर्यापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांनी मला पहिल्या दिवशी खेळणीवाला समजलं. पिशवीत खुळखुळा, रंगीत मणी, आरसा, टॉर्च, छोटी घंटी, मऊ आणि खरखरीत कापडाचे तुकडे असा सगळा संसार असायचा. एका गावात पारावर बसलेल्या म्हाताऱ्यानं मला थांबवून खुळखुळ्याचा भाव विचारला. मी म्हटलं, "आजोबा, हा विकायचा नाही, यानं शिकवायचं आहे." त्यावर तो शेजारच्याला म्हणाला, "पाय बाप्पा, खुळखुळा वाजवाले भी आता सरकारनं मास्तर ठेवला." आमच्या प्रशिक्षणात मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली, पण माझ्या नोकरीची इतकी सुटसुटीत व्याख्या मला दुसरीकडे मिळाली नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाविषयी लिहा" असं सांगितलं, तेव्हा पहिली अडचण हीच आली की हे काम लोकांना सांगायचं कसं. मी फिरता विशेष शिक्षक होतो. ज्या मुलांना चालता येत नाही, बोलता येत नाही, किंवा ज्यांचं मन आपल्या मनाच्या रस्त्यानं चालत नाही, अशी जी मुलं शाळेपर्यंत पोचत नाहीत, त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन शिकवायचं. कार्यालयात याला 'गृहाधारित शिक्षण' म्हणतात. गावात "आज सर यायचा दिवस हाय" एवढंच म्हणतात. मला गावातलं नाव बरं वाटायचं, कारण त्यात निदान सर तरी होते.

शिकवायचं काय, हा दुसरा प्रश्न. मुलाला चमचा धरता यावा, पाणी पिताना ठसका लागू नये म्हणून मान कशी धरायची, उशी कुठे लावली म्हणजे बसता येतं, हे सगळं आईला आणि मुलाला मिळून शिकवायचं. एका मुलीला नीट बसता यावं म्हणून मी दर्यापूरच्या सुताराकडून कोपऱ्यात बसणारी खुर्ची करून घेतली, तेव्हा सुतार म्हणाला होता, "मास्तर, ह्या खुर्चीले दोनच पाठी हायेत अन् पुढचं काहीच नाई, मांडू कशी?" घरोघरी बाप मात्र दारातून डोकावून एकच विचारायचे, "सर, 'अ' कवा शिकवसान?" मी म्हणायचो, "आधी गिळायला शिकू, मग 'अ'." यावर ते मान हलवत आत जायचे. त्यांना मी कामचुकार वाटत असेन. मलाही मी कधी कधी तसाच वाटायचो.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्याच्यामुळे पुढचा सगळा घोळ झाला.

आमच्या नोंदीत 'वर्तन' नावाचा एक रकाना असतो. मूल काय करतं, कधी करतं, कशामुळे करतं, ते तिथे लिहायचं. नवा असताना मी एका आईला विचारलं, "ताई, मुलाच्या वर्तनात काही बदल?" ती रागावलीच. म्हणाली, "वर्तनाले काय झालं त्याच्या? गरीब हाय पोट्टं, कोनाच्या अध्यात ना मध्यात." वर्तन म्हणजे तिच्या लेखी चालचलणूक. मग मी गावाची भाषा धरली. "काय हरकती केल्या या आठवड्यात?" असं विचारलं की बाया खुलायच्या. आमच्या वऱ्हाडात हिंदी-उर्दूचा शेजार जुना आहे. पोराच्या हरकती म्हणजे त्याच्या खोड्या, त्याचे चाळे, त्याचं हलणंडुलणं. एकदा हा शब्द टाकला की चहा गार होईपर्यंत मला लिहायला उसंत मिळायची नाही. आणि चहा गार झालेलाच बरा, कारण त्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा चहा गरम असताना जास्त खारट लागतो.

तर वर्षानुवर्षं मी या घरांत हाच शब्द पेरला. ओमच्या घरी, शेवंताआजीच्या घरी, समीक्षाच्या घरी.

ओम हा गजाननभाऊंचा मुलगा. बोलत नाही, पण दिसेल ती चप्पल उचलून ओळीत लावतो. गजाननभाऊ शेतकरी माणूस, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. शेवंताआजी आपल्या नातवाला सांभाळते. त्याला कुकरची शिट्टी सहन होत नाही, म्हणून आजी शेजारच्या घरचा स्वयंपाक होईपर्यंत त्याला मळ्याकडे फिरवून आणते. आणि समीक्षा. तिची आई वंदनाताई घरी शिवणकाम करते, वडील ट्रॅक्टर चालवतात. घर बुद्धविहाराच्या वळणाला लागून आहे. जन्मल्यावर समीक्षा रडली नाही, तिथून सगळं सुरू झालं. अकोल्याच्या डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या केल्या आणि शेवटी सांगितलं की मुलगी फारसं काही करू शकणार नाही. सुताराच्या त्या बिनपुढच्या खुर्चीत बसते ती हीच.

मी तिच्याकडे किती तरी महिने जात राहिलो. टॉर्च लावली, घंटी वाजवली, हातावर खरखरीत कापड फिरवलं, आरसा धरला. डोळे फिरले तर फिरले, नाहीतर नाही. मग एके दिवशी वंदनाताई मशीन थांबवून म्हणाल्या, "सर, एक सांगू का? हसू नका. तुमची गाडी विहाराच्या वळनावर वाजली का पोरगी हात उचलते. उजवा. एवढा." त्यांनी जमिनीपासून वीतभर हात वर करून दाखवला. माझ्या मोटारसायकलचा सायलेन्सर फुटका होता आणि तो दुरुस्त करायचा माझा आळस सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. मी आनंदानं म्हटलं, "पाहू या!" आणि लगेच लक्षात आलं की मला ते पाहताच येणार नाही. गाडी वाजते तेव्हा मी गाडीवर असतो. आत पोचेपर्यंत हात खाली आलेला असतो. नोंदीत मी लिहिलं, 'आईच्या सांगण्यानुसार हात उचलते.' 'आईच्या सांगण्यानुसार' या शब्दांची मला नंतर लाज वाटली, पण खोटं तरी कसं लिहिणार.

अशात सरकारी मसुदा आला.

नियम बदलायचे होते. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचलं. सार असं, की गृहाधारित शिक्षण शक्यतो बंद करावं, सर्व मुलांना जवळच्या शाळेत दाखल करावं आणि विशेष शिक्षकानं शाळेतच मार्गदर्शन करावं. खाली लिहिलं होतं की पालकांकडून हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत, त्यावर अमरावतीला सुनावणी होईल.

माझा गोंधळ तुम्हाला कसा सांगू? मुलांना घरात कोंडू नका, शाळेत आणा, चार पोरांत बसवा, हे मीच जन्मभर ओरडून सांगत आलो. आता सरकार तेच म्हणत होतं आणि मीच 'थांबा' म्हणायला निघालो होतो. ओम शाळेत जाईल म्हणून आनंद व्हायचा, आणि लगेच समीक्षाची खुर्ची डोळ्यांसमोर यायची. शाळेत तिला उचलणार कोण, कपडे बदलणार कोण, मदतनीस मिळणार की नाही, यावर मसुद्यात अक्षर नव्हतं. मी एका वरिष्ठांना फोन करून विचारलं, "साहेब, 'शक्यतो' म्हणजे नेमकं काय?" ते म्हणाले, "शक्यतो म्हणजे, शक्य तो." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. तेही गोंधळले असावेत.

मी कंत्राटी माणूस. आपल्याच खात्याच्या मसुद्यावर बोलायची मला मुभा नव्हती. पण पालकांना कळवायला तर हरकत नव्हती. म्हणून आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मसुदा टाकला आणि खाली सोप्या मराठीत लिहिलं, 'सर्वांनी आपापल्या हरकती घेऊन अमरावतीला या. मोकळेपणानं सांगा.' ग्रुपवर अंगठे आले, हात जोडलेले आले. शेवंताआजीच्या सुनेनं गुलाबाचं फूल पाठवलं. मला वाटलं, झालं काम.

दर्यापूरहून जीपमध्ये बसून सगळे निघाले. मी मागून गाडीवर. वलगावला चहाला थांबलो तेव्हा कळलं की जीपमध्ये मोठी चर्चा झाली होती. काही जणांना नियम हवा होता. गजाननभाऊ त्यांचे पुढारी. "माहा पोरगा शायेत गेलाच पाह्यजे," ते म्हणत होते. "घरी बसून का गवऱ्या थापन?" काहींना नको होता. पण सगळ्यांची तयारी जोरदार दिसली. शेवंताआजी मला म्हणाल्या, "मास्तर, म्या सगया हरकती याद करून ठेवल्या. एक भी सुटली नाई." मी म्हटलं, "शाबास, आजी." वंदनाताई मात्र समीक्षाला शेजारणीकडे ठेवून आल्या होत्या आणि बशीतला चहा नुसता पाहत होत्या.

सुनावणीचा हॉल मोठा होता. समोर टेबलामागे सुनावणी घेणाऱ्या अधिकारी मॅडम बसल्या होत्या. नुकत्याच बदली होऊन वऱ्हाडात आल्या होत्या. बोलणं स्वच्छ, पुण्याकडचं. शेजारी लिहून घेणारे बाबू. मॅडमनी खरोखर आपुलकीनं सुरुवात केली. म्हणाल्या, "घाबरू नका. तुमच्या हरकती ऐकायलाच मी आले आहे. बोला."

गजाननभाऊ उठले. "म्याडम, आमचा ओम दिसली चप्पल का ओळीनं लावते. लग्नात गेलो त सगळ्या मांडवाच्या चपला लावून टाकल्या त्यानं. जोडी पाहून लावत नाई, लहान-मोठी पाहून लावते. मंग सगये पाहुने अर्धा घंटा आपली जोडी धुंडत होते."

मॅडम हसल्या. "बरं. आणि तुमची हरकत काय आहे?"

"हेच न, म्याडम."

"चपला ओळीत लावायला तुमची हरकत आहे?"

"माही कायची? त्याची हाय."

बाबूंनी पेन थांबवून मॅडमकडे पाहिलं. माझ्या डोक्यात अजून प्रकाश पडला नव्हता. मला वाटलं, गजाननभाऊ प्रस्तावना करताहेत. तेवढ्यात ओम, जो वडिलांबरोबर आला होता, उठून टेबलाजवळ गेला आणि मॅडमचे पेन, चष्म्याचं घर, पेपरवेट, पाण्याचा ग्लास सगळं उंचीप्रमाणे लावू लागला. मॅडम जरा मागे सरकल्या. गजाननभाऊ आनंदानं ओरडले, "पाहा! हेच! हीच हरकत!"

मग शेवंताआजी. "नातू हाताले चावते, जी. दुसऱ्याच्या नाई, सोताच्या. कुकरची शिट्टी झाली का चावते. पंखा बंद केला का चावते. बाकी हरकती अजून हायेत, सांगू का?"

मॅडमनी समजुतीच्या सुरात म्हटलं, "आजी, हे महत्त्वाचं आहे, पण आपण मसुद्याबद्दल बोलू या ना."

आजींनी इकडेतिकडे पाहिलं. "मसुदा कोन, जी? आमच्यासंग त नाई आली."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. 'आपापल्या हरकती घेऊन या.' माझं सोपं मराठी! या लोकांना मीच तर वर्षानुवर्षं विचारत आलो होतो, काय हरकती केल्या? त्यांनी इमानेइतबारे आणल्या होत्या. सरकारी हरकत आणि आमची हरकत यांच्यात असलेली सगळी दरी मी एका ओळीत झाकून टाकली होती, आणि आता त्यात आम्ही सगळे पडलो होतो.

बोलायची मुभा नसताना मी उठलो. "मॅडम, शब्दाचा घोळ झालाय. हे लोक मुलांच्या हरकती सांगताहेत. त्यांची नियमाला हरकत नाही, म्हणजे तशी आहे, पण ही ती नाही..."

बाबू लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "नियमाला हरकत नाही."

"थांबा," मॅडम म्हणाल्या आणि पालकांकडे वळल्या. "म्हणजे तुमची नियमाला काही हरकत नाही का?"

आता, आपल्याकडे साहेबांनी "काही हरकत नाही ना?" असं विचारलं तर माणूस काय उत्तर देतो? चहा आवडत नसला तरी, खुर्ची मोडकी असली तरी, एकच उत्तर देतो. सगळे पालक मान डोलावून एका सुरात म्हणाले, "नाई जी, काही हरकत नाई!"

मी कपाळावर हात मारला. नियमाच्या बाजूचे आणि विरोधातले, सगळे मिळून नियमाला संमती देऊन मोकळे झाले होते. इतक्या लांबून, मुलांना कडेवर घेऊन, धूळ खात आले ते 'काही हरकत नाही' म्हणायला. मला इतकी लाज वाटली की जमीन फाटती तर मी तिच्या पोटात गेलो असतो.

तेव्हा वंदनाताई उठल्या. पदर खोचला, हात टेबलावर ठेवले.

"म्याडम, माह्या पोरीच्या हरकतीच नाईत. हे सगये जीपमंदी सांगून राहिले होते, आमचं पोट्टं हे करते, थे करते. म्या ऐकत होती अन् मले यायचा हेवा वाटत होता. माही समीक्षा काहीच करत नाई. पडून राह्यते. तिची एकच हरकत हाय. सरायची गाडी आमच्या विहाराच्या वळनावर वाजली का उजवा हात उचलते. एवढा." त्यांनी टेबलावरून वीतभर हात वर केला. "हप्त्यातून एक डाव. तुमी म्हनता सर घरी येनार नाई, पोरीले शायेत आना. आनीन न. खांद्यावर आनीन. पन शायेत त सर आंधीच बसून राह्यतीन. गाडी वाजन कुठं? अन् माह्या पोरीची हे हरकत बंद पडली त तुमी देसान का दुसरी?"

ओमनं ग्लास हातातच धरला होता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सर, हे खरं आहे? तुम्ही स्वतः पाहिलं आहे?"

माझ्या सगळ्या नोकरीत इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नाही. हो म्हणालो असतो तर सोपं झालं असतं. मी म्हणालो, "नाही, मॅडम. मी तेव्हा गाडीवर असतो."

मागे कुणीतरी हसलं. वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मॅडमनी त्या उंचीप्रमाणे लागलेल्या वस्तूंमधून आपलं पेन उचललं. मग बाबूंना म्हणाल्या, "ते मघाचं खोडा. लिहा, हरकत आहे."

बाबूंनी विचारलं, "नियमाची का पोरीची, मॅडम?"

"नुसतं हरकत लिहा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी एकेकाला जवळ बसवून पुन्हा विचारलं, यावेळी हरकत हा शब्द न वापरता. तुम्हाला काय हवं, काय नको, शाळेत मूल आलं तर काय लागेल? गजाननभाऊंनी शाळा मागितली आणि मदतनीस मागितला. आजींनी शिट्टी नसलेली जागा मागितली, जी सरकारच काय, देवही देऊ शकणार नाही. पण विचारलं तर खरं. परत जाताना वलगावला वंदनाताईंनी मला विचारलं, "सर, आपली हरकत घेतली का त्याईनं?"

"घेतली, ताई."

"घेतली म्हनजे ठेवून घेतली का?"

मी गाडीला किक मारली.

पुढे नियम आले. माझा गोंधळ त्यांनी कमी केला नाही. 'शक्यतो' तसंच होतं. फक्त एक ओळ वाढली होती, की पालकांची हरकत असल्यास आणि मूल प्रतिसाद देत असल्यास घरचं शिक्षण चालू ठेवता येईल. ही ओळ वंदनाताईंमुळे आली, की दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या कुणी आईनं मागितली, मला ठाऊक नाही. अकोल्याकडच्या पालकांनी म्हणे टाइप केलेल्या हरकती दिल्या होत्या, स्वच्छ आणि मुद्देसूद. कदाचित त्यांच्यामुळे आली असेल. ओम शाळेत जाऊ लागला. वर्गाबाहेरच्या चपलांची ओळ आता तालुक्यात प्रसिद्ध आहे. मदतनीस मात्र कधी असतो, कधी नसतो, आणि नसला की ओमला लवकर घरी धाडतात. मी गजाननभाऊंना विचारलं, नियम चांगला झाला का वाईट? ते म्हणाले, "सर, शाया टाइमावर सुटली का चांगला वाट्टे, अन् मधीच घरी धाडलं का वाईट." मलाही यापेक्षा जास्त समजलेलं नाही.

त्यानंतर मी निवृत्त झालो. कंत्राट संपलं याला निवृत्ती म्हणायचं असेल तर. निरोपाला नारळ आणि शाल मिळाली, आणि पिशवी मी माझ्या जागी आलेल्या अश्विनी मॅडमकडे दिली. तरुण, हुशार मुलगी. माझ्यापेक्षा नक्कीच जास्त शिकलेली. काही आठवड्यांनी तिचा फोन आला. आवाज पडलेला होता. "सर, समीक्षाचं काही कळत नाही. तिची आई म्हणते हात उचलते. मी चार वेळा गेले. हात काय, बोटसुद्धा हललं नाही. मला आढावा लिहायचाय. प्रतिसाद नाही असं लिहिलं तर घरचं शिक्षण बंद होईल. आणि प्रतिसाद आहे असं न पाहता कसं लिहू?"

मी गाडी काढली आणि समीक्षाच्या गावी गेलो. वंदनाताई दारातच उभ्या होत्या, घाबरलेल्या, आणि मागे अश्विनी मॅडम. "सर, पोरीनं सोडलं. हरकत करनं सोडलं." आत समीक्षा तिच्या खुर्चीत होती, डोळे छताकडे. शेजारी अश्विनी मॅडम माझी पिशवी मांडीवर घेऊन जाऊन बसली. वाटलं, शेवटी डॉक्टर म्हणाले तेच खरं. वाटलं, वंदनाताईंना इतकी वर्षं जे दिसत होतं ते त्यांना दिसावंसं वाटत होतं म्हणून दिसत होतं. वाटलं, मी आलो तेव्हा तरी उचलला असेल का? पण गाडी वाजली तेव्हा दोघीही दारात आल्या होत्या. पाहिलंच नाही कुणी.

मग अंगणात उभी असलेली अश्विनी मॅडमची गाडी दिसली. नवी कोरी, बॅटरीची. मी विचारलं, "ही वाजते का हो?"

"नाही सर. अजिबात आवाज नाही," ती कौतुकानं म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा बदलला.

तिच्या गाडीचा हॉर्न वाजवून पाहिला. समीक्षा दचकली आणि रडली, तेव्हा हॉर्न सोडून दिला.

मी कोण होतो तिच्यासाठी? टॉर्च, घंटी, आरसा, इतक्या वर्षांचा माझा जीव, की एक फुटका सायलेन्सर? मुलगी मला ओळखत होती की गाडीला? दुसऱ्या कुणी माझी गाडी चालवली तर ती हात उचलेल का, हे तपासणं अगदी सोपं होतं. अश्विनी मॅडम तसं म्हणालीही. मी नको म्हटलं. मला ते कळून घ्यायचं नाही. माणसानं सगळंच कळून घेऊ नये.

त्या दिवशी मी गाडी घेऊन गावाबाहेर गेलो, वडाजवळून वळवली आणि परत आलो. विहाराच्या वळणावर दुसरा गिअर टाकला. सायलेन्सर नेहमीसारखा भडभडला. दोन्ही बाया आत समीक्षाजवळ बसलेल्या होत्या.

आता दर आठवड्याला मी जातो. मला कुणी नेमलेलं नाही आणि नोंदीत माझं नाव नाही. अश्विनी मॅडम आपल्या मुक्या गाडीवर आधी जाऊन पोचते, पोरीजवळ बसते, आणि मी मागून येतो. हे शिक्षण आहे का, मला माहीत नाही. नियमात बसतं का, तेही माहीत नाही. तो हात मी आजपर्यंत पाहिलेला नाही आणि पाहायला मिळणारही नाही, कारण तेव्हा मी गाडीवर असतो. पण वळण पार केलं, गाडी बंद केली, की घरातून वंदनाताईंचा आवाज येतो, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"केली, सर! हरकत केली!"